दुधाच्या दातांवरचा इतिहास

मूल पोटात चार-पाच महिन्यांचं असतं, तेव्हाच त्याच्या दुधाच्या दातांवरचा कठीण थर घडायला लागतो, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? दात हिरडीबाहेर येतो नंतर, पण त्याची सुरुवात आईच्या पोटात झालेली असते. हाड मोडलं तर जुळतं. दातावरचा हा थर मात्र एकदा घडला की पुन्हा दुरुस्त होत नाही. त्या दिवसांत बाळाची आबाळ झाली, ते आजारी पडलं, तर तिथं खळगी किंवा चरा राहतो. शास्त्रज्ञ हेच चरे वाचतात.

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी ही त्या कामातली मोठी नावं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं अख्खं गाव मातीखाली सापडलं. घरं, चुली, धान्याच्या कणग्या, रंगवलेली मडकी. आणि घरांच्या जमिनीखाली पुरलेली माणसं. त्यांत मुलांची संख्या फार मोठी.

तान्ह्या बाळाला दोन मडक्यांत ठेवत. मडकी तोंडाला तोंड लावून आडवी निजवत आणि घरातल्याच जमिनीत पुरत. जवळ कधी एखादं तोटीचं भांडं, एखादा वाडगा. वाचताना मला वाटलं, आई रोज त्याच जमिनीवर सारवण घालत असेल, त्याच्याच बाजूला स्वयंपाक करत असेल. असं का करत, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, कारण त्या लोकांजवळ लिपी नव्हती. पण आपल्याकडेही दात न आलेल्या बाळाला अग्नी देत नाहीत, मातीतच ठेवतात. ती रीत मला तरी परकी वाटली नाही.

या हाडांचा अभ्यास सुभाष वाळिंबे आणि जॉन ल्यूकास यांनी केला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन संशोधक बाईंनी खास मुलांचेच सांगाडे हाती घेतले. दात किती घडले आहेत यावरून मुलाचं वय काढायचं, मग मांडीच्या हाडाची लांबी-जाडी मोजून त्या वयाला वाढ पुरेशी होती का ते पाहायचं. २०११ साली त्यांचं पुस्तक आलं. इनामगावच्या शेवटच्या काळात, म्हणजे इ. स. पूर्व १००० ते ७०० या दरम्यान, मुलांची वाढ खुंटलेली दिसते. त्याच काळात मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. गावाचे दिवस फिरले होते. शेवटी गाव ओसच पडलं.

आता गंमत बघा. याच गावात पाच खोल्यांचं एक मोठं घर सापडलं. तिथं चार पायांच्या मातीच्या रांजणात एका पुरुषाला बसवून पुरलं होतं. तो गावचा प्रमुख असावा, असं अभ्यासक म्हणतात. इनामगाव म्हटलं की त्या रांजणाचं वर्णन हमखास येतं. पण गाव कसं खचत गेलं, हे त्या रांजणापेक्षा मडक्यांतल्या बाळांनी जास्त सांगितलं. आणि तान्ह्याच्या दातावर जे उमटतं, ते निम्मं त्याच्या आईचंच असतं. तिचं नाव कुठं नाही, तिचं जेवण कुणी मोजलं नाही.

आपल्या घरांतून अजूनही सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर उरलंसुरलं आपण घेतो. गरोदर सुनेलाही कित्येकदा तीच पंगत मिळते. ‘आमच्या वेळी आम्ही नाही का काढलं?’ असं आपणच म्हणतो. काढलं खरं, पण ते कुणाच्या अंगावर निघालं? ज्या घरात सून किंवा लेक दिवसांत असेल, तिथं तिचं पान आधी वाढायला हवं. तिच्या ताटात दूध, डाळ, भाजी आहे का, हे सासूनंच बघितलं तर त्यात कमीपणा कसला? तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या बायकांना पोटभर मिळालं की नाही, ते आता आपल्या हातात नाही. हे मात्र आहे.