वाढवलेला पंप आणि भरलेली ट्रॉली : ओढणे सोपे, थांबवणे अवघड

दसरा-दिवाळीनंतर दर्यापूर तालुक्यातील रस्त्यांवर कापसाच्या गाड्यांची वर्दळ सुरू होते. दर्यापूरहून अकोट, अंजनगाव सुर्जी आणि मूर्तिजापूरकडे जाणारे रस्ते पूर्णेच्या खोऱ्यातील सपाट प्रदेशातून जातात. चढ-उतार जवळपास नाहीतच. त्यामुळे ताकद वाढवून घेतलेला ट्रॅक्टर किंवा पिकअप भरलेली ट्रॉली घेऊन सहज वेग पकडतो आणि गाडी पूर्णपणे आपल्या ताब्यात आहे, असा भरवसा चालकाला वाटू लागतो. तो ब्रेक दाबावा लागेपर्यंतच टिकतो.

डिझेल इंजिनाची ताकद वाढवणे हे तंत्र म्हणून फारसे कठीण नाही. जुन्या यांत्रिक पंपाचा स्क्रू फिरवून प्रत्येक फेऱ्यात जाणारे डिझेल वाढवले जाते. कॉमनरेल पद्धतीच्या नव्या इंजिनात हेच काम संगणकीय प्रणालीत बदल करून किंवा बाहेरून चिप जोडून होते. मात्र डिझेल वाढले तरी त्या प्रमाणात हवा वाढत नाही. न जळलेले इंधन काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते आणि धुरासोबत उष्णताही वाढते. रिकाम्या गाडीत हा ताण काही क्षणांचा असतो. ट्रॉली मागे असताना तो तासभर टिकतो. पिस्टन, टर्बो आणि क्लचप्लेट यांची झीज अशाच लांबच्या ओढीत होते. काळा धूर म्हणजे ताकदीची खूण, हा समज गावोगावी आढळतो. प्रत्यक्षात ती वाया गेलेल्या डिझेलची खूण आहे.

इंजिनाचे नुकसान पैशाने भरून निघते. खरा धोका ब्रेकमध्ये आहे. पंप वाढवणारा कारागीर ब्रेक, टायर, चासी आणि हुक यांना हात लावत नाही. साधारण ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन दोन टनांच्या आसपास असते. त्यामागे माल धरून सहा टनांची ट्रॉली जोडली, तर एकूण वजन आठ टन म्हणजे चौपट होते. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील, आणि बहुतेकींना ते नसतात, तर त्याच ब्रेकवर थांबण्यासाठी ढोबळमानाने चौपट अंतर लागते. आता वेग ताशी २५ किलोमीटरवरून ४० वर नेला, तर वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने हे अंतर आणखी अडीचपट होते. म्हणजे सुट्या ट्रॅक्टरला २५ च्या वेगात जेवढी जागा लागते, त्याच्या दहापट जागा भरल्या ट्रॉलीसह ४० च्या वेगात लागते. वाढवलेला पंप नेमका हा वेग हाती देतो.

आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक केवळ मागच्या चाकांना असतात, शिवाय डाव्या-उजव्या चाकासाठी वेगळे पायडल असते. शेतात वळण घेण्यासाठी ही सोय आहे. रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पायडल एकमेकांना जोडणारी पट्टी अडकवली नाही, तर घाईत एकाच बाजूचा ब्रेक लागून ट्रॅक्टर आडवा होतो. रब्बीच्या ओलितानंतर किंवा अवकाळी पावसात शेतातील काळी माती चाकांबरोबर डांबरावर येते. अशा चिकट थरावर मागची चाके अडकली की ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते आणि दोन्ही कात्रीसारखे दुमडतात.

हुकाची उंची हा दुर्लक्षित विषय आहे. ट्रॉली नेहमी खालच्या हुकालाच जोडावी. मागच्या आसापेक्षा उंच बिंदूवरून जोराने ओढल्यास पुढची चाके उचलली जातात, आणि अधिक ताकदीच्या इंजिनाने क्लच झटक्यात सोडला तर ट्रॅक्टर चालकावर उलटू शकतो. पिनेला लॉक हवे; तिच्या जागी सळईचा तुकडा घालणे ही काटकसर नव्हे. दोन चाकी ट्रॉलीत माल आसाच्या किंचित पुढे ठेवावा. मागे भार जास्त झाल्यास दांडी वर उचलली जाते, पिकअपच्या मागच्या चाकांची पकड कमी होते आणि ट्रॉली डोलू लागते. ती डोलू लागली की वेग वाढवू नये. स्टिअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडावा.

खारपाणपट्ट्यात पाण्याचे टँकर नेहमीचेच. पाच हजार लिटर पाणी म्हणजे टाकीचे लोखंड सोडून पाच टन. टाकी अर्धी असताना वजन कमी असूनही ती अधिक अवखळ होते, कारण ब्रेक लावल्यावर पाणी पुढे धावते आणि वळणावर बाजूला लोटते. कापसाची गोष्ट निराळी. तो हलका असल्याने चालक उंच रचतो, गुरुत्वमध्य वर जातो आणि साईडपट्टी खचली की गाडी कलंडते. हरभऱ्याचे कट्टे याउलट थोड्या जागेत पासिंगची मर्यादा ओलांडतात.

परतवाड्याहून चिखलदरा किंवा सेमाडोहकडे जाताना मात्र सपाटीची सवय कामी येत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढला, त्याच गिअरमध्ये उतरावा. गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्यास सारा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पायडल दाबूनही पकड लागत नाही. घाट चढून थांबल्यावर टर्बो असलेले इंजिन एक-दोन मिनिटे मंद चालू ठेवून मगच बंद करावे. बंद पडलेली गाडी टोचन करून नेताना तिच्यातील चालकाला हे आधी सांगावे, की इंजिन बंद असताना ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जड होतात. किल्ली काढल्यास स्टिअरिंग लॉक होण्याचा धोका असतो.

कायदा इंजिनाची ताकद पाहून भार वाढवून देत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या आणि आर.सी. बुकात नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद झाली. जादा भारासाठी कलम १९४ मध्ये २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंड आहे. ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते. शेतीकामासाठी उतरवलेल्या विम्यात ट्रॉलीत बसलेल्या प्रवाशांचा समावेश सहसा नसतो. कापूस वेचून संध्याकाळी त्याच ट्रॉलीतून घरी परतणाऱ्या मजूर महिलांना याची कल्पना क्वचितच दिली जाते.

रात्री उभ्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळण्याचे प्रकार टाळण्यासाठी मागील फळीच्या दोन्ही टोकांना लाल परावर्तक पट्ट्या आणि चालू स्थितीतील दिवे हवेत. कापूस लोंबून ते झाकले जात नाहीत ना, हे निघण्यापूर्वी मागे उभे राहून पाहावे.