सरायीतील जागा : मेक्सिको, फिलिपाइन्स व पोलंड येथील नाताळच्या प्रथा

पवित्र मरिया व संत योसेफ यांना सरायीत जागा मिळाली नाही, म्हणून बालयेशूला गव्हाणीत ठेवावे लागले, असे संत लूकच्या शुभवर्तमानात एकाच वाक्यात सांगितले आहे (लूक २:७). सरायीचा मालक तर वचनात कोठेच नाही. त्याला आपल्या नाताळच्या नाटिकांनी जन्मास घातले आहे. तरीही या एका वाक्यातून कित्येक देशांत नाताळच्या प्रथा उदयास आल्या. नाताळवृक्ष व सांताक्लॉज यांची माहिती वाचकांना बहुधा असतेच. म्हणून आम्ही येथे तीन देशांतील या दुसऱ्या प्रथांकडे वळतो.

मेक्सिकोत १६ ते २४ डिसेंबर या नऊ रात्रींना ‘पोसादा’ म्हणतात. या स्पॅनिश शब्दाचा अर्थच सराय असा आहे. मेक्सिको शहराच्या उत्तरेस आकोलमान येथे ऑगस्टिनियन संघाचा मठ होता. तेथील फादर दिएगो दे सोरिया यांनी १५८७ साली पोप पाचवे सिक्स्टस यांच्याकडून नाताळपूर्वीच्या नऊ दिवसांत मिस्सा अर्पण करण्याची अनुमती मिळवली. पोसादांचा उगम तेथे मानतात. याच सुमारास स्थानिक अ‍ॅझ्टेक लोक आपल्या सूर्य व युद्धदेवतेचा उत्सव करीत असत. त्या दिवसांना मिशनरींनी नवा आशय दिला.

पुढे ही भक्ती मठाच्या प्रांगणातून गल्लीबोळांत व घराघरांत आली. आज शेजारीपाजारी मेणबत्त्या घेऊन, मरिया व योसेफ यांच्या मूर्तींसह एका घरापुढे उभे राहतात. बाहेरचे लोक योसेफच्या वतीने गाऊन आसरा मागतात. आतले गाण्यातूनच नकार देतात. तुम्ही चोर नसाल कशावरून, असेही विचारतात! अखेरीस दारात कोण उभे आहे ते ओळखून दार उघडले जाते. मग प्रार्थना, पेरू व उसाचे तुकडे घातलेले गरम पेय, आणि मुलांसाठी ‘पिन्याता’. हे टांगलेले मडके सात टोकांच्या ताऱ्यासारखे सजवितात. सात टोके म्हणजे सात प्रमुख पापे. डोळे बांधून ते काठीने फोडायचे.

आम्हांला या प्रथेत विशेष वाटते ते हे, की निम्मे भाविक नकार देणाऱ्यांची भूमिका करतात. अमेरिका व मेक्सिको यांच्या सीमेवर, तिहुआना येथे, १९९० च्या दशकापासून कुंपणाच्या दोन्ही बाजूंना उभे राहून पोसादा गायिली जाते. तेथे नकाराचे कडवे निव्वळ नाटक राहत नाही.

स्पेनच्या अमलातील फिलिपाइन्सचा कारभार तेव्हा मेक्सिकोमार्फत चाले. त्यामुळे नऊ मिस्सांची हीच परंपरा तिकडेही रुजली. ‘सिंबांग गाबी’ नावाचे हे मिस्सा पहाटे, अंधार असतानाच होतात. शेतावर जाणाऱ्यांच्या सोयीसाठी ती वेळ ठरली, असे सांगतात. चर्चबाहेर तांदळाच्या पिठाचा ‘बिबिंका’ केळीच्या पानावर, खाली-वर निखारे ठेवून भाजतात. आपल्याकडे पानगी खाल्लेल्यांना तो फारसा परका वाटू नये. घराघरांवर ‘पारोल’ हे ताऱ्याचे कंदील झळकतात.

पोलंडमध्ये २४ डिसेंबरचे भोजन, ‘विगिलिया’, आकाशात पहिला तारा दिसल्यावाचून सुरू होत नाही. मेजावरील पांढऱ्या कापडाखाली गव्हाणीची आठवण म्हणून थोडे सुके गवत पसरतात. आधी ‘ओपुआतेक’ हातात घेतात. ही ख्रिस्तजन्माचे चित्र उठविलेली पातळ पोळी असते. ती अभिमंत्रित ओस्ती नव्हे. प्रत्येक जण दुसऱ्याच्या पोळीचा तुकडा मोडून शुभेच्छा देतो. वर्षभर अबोला धरलेल्या भावांनाही हे टाळता येत नाही. नंतर बारा प्रेषितांच्या स्मरणार्थ बारा पदार्थ. त्यांत मांस नसते, मासे असतात. मध्यरात्रीच्या मिस्साला ‘पास्तेर्का’, म्हणजे मेंढपाळांचा मिस्सा, म्हणतात.

या मेजावर एक ताट अधिक मांडलेले असते. ते अनपेक्षित पाहुण्यासाठी. काही घरांत दिवंगत आप्तांच्या स्मरणार्थही. डिसेंबर १९८१ मध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू होऊन हजारो लोक स्थानबद्ध झाले, तेव्हा कित्येक घरांत ती जागा घरच्याच माणसाची होती. त्या नाताळच्या रात्री पोप दुसरे जॉन पॉल यांनी आपल्या मायभूमीसाठी व्हॅटिकनमधील खिडकीत मेणबत्ती लावली होती.

ताट मांडणे सोपे, दार उघडणे कठीण. पोलिश लोकही हे स्वतःला विचारत आले आहेत. २०२१ च्या अखेरीस बेलारूसच्या सीमेवरील जंगलात इराक, सीरिया आदी देशांतील स्थलांतरित थंडीत अडकले व त्यांना परत लोटण्यात येऊ लागले. तेव्हा सीमेजवळच्या काही कुटुंबांनी खिडकीत हिरवा दिवा लावला. येथे अन्न व ऊब मिळेल, असा त्याचा अर्थ होता. पुढल्याच वर्षी युद्धामुळे युक्रेनमधून लाखो स्त्रिया व मुले पोलंडमध्ये आली, आणि २०२२ च्या विगिलियाला कितीतरी घरांत ते अधिकचे ताट वापरले गेले.