विक्री की परवाना? डाउनलोडच्या पैशांची वाटणी

एक गाणे 99 सेंटला विकले गेले, तर गायकाच्या हाती किती पडतात? 28 एप्रिल 2003 रोजी ॲपलने अमेरिकेत आयट्यून्स म्युझिक स्टोअर सुरू केले, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर रेकॉर्ड कंपन्यांच्या कपाटातील जुन्या करारांत शोधावे लागले.

99 सेंटपैकी सुमारे 70 सेंट रेकॉर्ड कंपनीला मिळत. उरलेले ॲपलकडे राहत. कंपनी आपल्या वाट्यातून गीतकार-संगीतकारांची कायद्याने ठरलेली रॉयल्टी देई. 2006 पासून ती सर्वसाधारण गाण्यामागे 9.1 सेंट होती. कलाकाराचा वाटा मात्र करारावर अवलंबून, आणि कराराची भाषा तबकडीच्या काळातली. लाखेच्या तबकड्या वाहतुकीत फुटत, म्हणून रॉयल्टीतून 'तूटफूट' वजा होई. वेष्टनाचा खर्चही कापला जाई. डाउनलोडला ना वेष्टन, ना फुटण्याची भीती! तरीही ही कपात होते, अशी तक्रार करीत ऑलमन ब्रदर्स आणि चीप ट्रिक या बँडच्या कलाकारांनी 2006 मध्ये सोनी बीएमजीवर दावा लावला.

खरा पेच उघड झाला तो एफबीटी प्रॉडक्शन्सच्या खटल्यात. एमिनेमच्या ध्वनिमुद्रणांच्या रॉयल्टीत ही संस्था वाटेकरी होती. आफ्टरमाथ कंपनीशी झालेल्या करारात दोन कलमे होती: 'विकलेल्या' रेकॉर्डवर 12 ते 20 टक्के, आणि मूळ ध्वनिमुद्रण दुसऱ्याला परवान्याने वापरायला दिल्यास निव्वळ प्राप्तीच्या 50 टक्के. मग डाउनलोड कोणत्या कलमात बसवायचे? ग्राहक पैसे मोजून गाणे घेतो, म्हणून ती विक्री, असे कंपनी म्हणाली. 2009 मध्ये ज्यूरीने तिच्या बाजूने कौल दिला. सप्टेंबर 2010 मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो फिरवला. त्याची नजर ग्राहकाकडे नव्हती, ॲपल आणि कंपनी यांच्यातील व्यवहाराकडे होती. ॲपलला माल विकलेला नव्हता. प्रती देण्याची परवानगी दिली होती आणि फाइलची मालकी कंपनीकडेच राहिली होती. म्हणजे हा परवानाच. ढोबळ हिशेब मांडून पाहा: 70 सेंटचे 20 टक्के म्हणजे 14 सेंट, निम्मे म्हणजे 35.

2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला आणि 2012 मध्ये तडजोड झाली. यामुळे सर्वच गायकांचा वाटा वाढला, असे मात्र समजू नका. निकाल त्या एका कराराच्या शब्दांवर होता. आशा वाढली ती डाउनलोडचा उल्लेखही नसलेले जुने करार ज्यांच्या हाती होते त्यांची. नव्या करारांत कंपन्या डाउनलोडचा दर आधीच स्पष्ट लिहू लागल्या होत्या.