सेकंदाला ६४२ गिरक्या: म्हाताऱ्या ताऱ्याला वेग दिला कुणी?

आजची गोष्ट एका कोड्याची. उत्तर लगेच सुचलं, पण पुरावा मिळायला सोळा वर्षं लागली.

साल १९८२. पोर्तो रिकोमधली अरेसिबोची अवाढव्य रेडिओ दुर्बीण. डॉन बॅकर यांच्या टीममध्ये बर्कलीचा एक विद्यार्थी होता, श्रीनिवास कुलकर्णी. जन्म आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा! या टीमला एक न्यूट्रॉन तारा सापडला. असा तारा म्हणजे सूर्याहून जास्त वस्तुमान, तेही वीसेक किलोमीटरच्या गोळ्यात. आणि हा गोळा सेकंदाला ६४२ वेळा फिरत होता. घरातल्या मिक्सरपेक्षा जोरात!

तोवरचा विक्रमवीर होता क्रॅब तेजोमेघातला तारा, सेकंदाला ३० फेऱ्या. पण तो तरुण. त्याचा स्फोट लोकांनी १०५४ साली पाहिला होता. वय वाढतं तसे हे तारे मंदावतात. नव्या ताऱ्याभोवती मात्र स्फोटाचा मागमूस नव्हता. म्हणजे तो म्हातारा. मग एवढा वेग आला कुठून?

बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतले राधाकृष्णन आणि श्रीनिवासन, तसंच परदेशातला आणखी एक गट, यांनी त्याच वर्षी उत्तर सुचवलं: शेजारच्या ताऱ्याचा वायू गोल गोल फिरत याच्यावर पडला असेल आणि त्यानेच याला भोवऱ्यासारखं फिरवलं असेल. कल्पना झकास. पण हा तारा तर एकटाच होता, जोडीदाराचा पत्ता नाही. एखादा तारा वायू गिळताना रंगेहाथ पकडायला हवा होता.

इथे क्ष-किरण कामी आले. पडणारा वायू ताऱ्याच्या चुंबकीय ध्रुवांवर आदळतो, प्रचंड तापतो आणि तिथून क्ष-किरण निघतात. तारा फिरला की ते कमी-जास्त होतात, दीपगृहाच्या झोतासारखे. आपलं वातावरण ते अडवतं, म्हणून उपग्रहच लागतो.

एप्रिल १९९८. धनुराशीतला एक तारा अचानक भडकला. नासाच्या रॉसी उपग्रहाचा डेटा चाळताना ॲमस्टरडॅमच्या विनांड्स आणि व्हॅन डर क्लिस यांना त्याच्या क्ष-किरणांत सेकंदाला ४०१ ठोके दिसले. एमआयटीच्या चक्रवर्ती आणि मॉर्गन यांनी जोडीदारही शोधला. दोघांची एकमेकांभोवतीची फेरी फक्त दोन तासांची!

आम्ही कोडवाले म्हणतो, बग कुठे असेल हे कळणं वेगळं आणि तो लॉगमध्ये दिसणं वेगळं. १९९८ साली तो लॉग मिळाला.

भेटू पुढच्या भागात!