हाडोळ्याच्या कागदातला पणजोबा



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "इतिहासावर काहीतरी लिहा" असं मंडळाने सांगितलं. मी गिरणी कामगार, राजे-महाराजांचा इतिहास मला काय विचारता? म्हणून घरचाच लिहितो.

सुरुवात झाली पुतणीच्या जात पडताळणीपासून. आपल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. १९५६ ला आपण बौद्ध झालो, पण कागद मागचाच मागतात. आजोबांच्या शाळेची नोंद हवी होती. तीन खेटे घातले, उत्तर एकच, "जुनं रजिस्टर वाळवीने खाल्लं." चौथ्या खेपेला तेच रजिस्टर कपाटामागून निघालं! आजोबांना आडनाव नाही. जन्मतारीख १ जून. (आपल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म १ जूनचाच, गुरुजींची कृपा.) आणि जातीच्या रकान्यात तो शब्द. ज्या शब्दापायी आजोबांना वर्गाबाहेर बसवलं, तो सापडला म्हणून मला कारकुनासमोर हसू फुटलं. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे, क्रमांक १९१४. बाबासाहेबांची ती ओळ जपली गेली. आपल्या म्हाताऱ्यांच्या ओळी कोण जपणार?

पणजोबा तर शाळेतच गेलेले नव्हते. आजी एवढंच सांगायची, "तुमचा पणजा येसकर व्हता." मग वतनाच्या कागदांकडे वळलो. हाडोळ्याचा जुना उतारा निघाला, मोडीत. नगरच्या एका मोडी जाणणाऱ्या गुरुजींनी वाचून दिला. एका तुकड्यावर कितीतरी नावं, त्यांत शेवटी 'नाक' असलेलं आमचं एक. नावापुढे 'बिन' आणि बापाचं नाव. म्हणजे एका ओळीत दोन पिढ्या हाती आल्या.

ते वतन म्हणजे काय होतं, हे पोरांना सांगायला हवं. गावकीची पाळी, सरकारी टपाल, सारा पोचवणं, शिवेच्या तंट्यात साक्ष, कुणाच्या घरी जन्म-मरण झालं की पाटलाला वर्दी. रात्री-बेरात्री बोलावणं आलं की निघायचं, बदल्यात हा तुकडा आणि दारोदारची भाकरी. ही बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल मांडलं. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं होतं ते. वतनं प्रत्यक्षात गेली १९५८ च्या कायद्याने, १ ऑगस्ट १९५९ पासून. जमीन परत मिळायची, पण रक्कम भरून. आजोबा तेव्हा गिरणीत बदली कामगार, मुदतीत पैसे कुठून आणणार? आमचं नाव उताऱ्यावरून गेलं. गावकी सुटली याचा आनंद त्यांना मोठा होता. जमिनीचं मात्र ते मरेपर्यंत बोलले नाहीत. ते मला फेरफार वाचून कळलं.

मग गावच्या कोतवाल बुकात पणजोबाच्या मरणाची नोंद शोधली. गावभरच्या मरणाची वर्दी त्यांनी नेली, त्यांच्या स्वतःच्या सालाची पानं मात्र फाटलेली.

पुतणीचा दाखला मिळाला. ज्यांच्या घरी पत्र्याच्या पेटीत जुन्या पावत्या, सनदा, उतारे असतील, त्यांनी दिवाळीच्या साफसफाईत जाळू नका. येत्या पौर्णिमेला विहारात घेऊन या. झेरॉक्सचा खर्च मंडळ करील आणि मोडी वाचायला गुरुजी यायला तयार आहेत.