वर्गणी, व्ही.पी. आणि ऑटोपे

माझी भाची मिरजेत मुलांसाठी एक छोटं मराठी त्रैमासिक काढते. गेल्या रमजानमध्ये इफ्तारनंतर तिने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. म्हणाली, "मामू, अंक वेळेवर निघतो, पैसे वेळेवर येत नाहीत. वर्गणीचं काहीतरी ठरवायला हवं."

तिच्यापुढे तीन वाटा होत्या. अंकाच्या मागच्या पानावर क्यूआर कोड छापायचा आणि लोक भरतील याची वाट पाहायची. पेमेंट गेटवे घेऊन प्रत्येकाला लिंक पाठवायची. किंवा ऑटोपे लावायचा, म्हणजे वाचकाने एकदा परवानगी दिली की दरवर्षी वर्गणी आपोआप खात्यात जमा. तिचा कल ऑटोपेकडे होता. "लोक विसरतात हो. ऑटोपेत विसरले तरी आपलं नुकसान नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. विसरणं माणसाचा स्वभाव आहे, पण त्याचा फायदा कुणाला मिळावा हे पैसे गोळा करण्याची पद्धत ठरवते. या पद्धतींचा इतिहास वाचताना मला हाच धागा सापडत गेला.

माझे अब्बा शाळामास्तर होते आणि संध्याकाळी एका छोट्या मासिकाचा हिशेब बघायचे. त्यांची वर्गणीदारांची वही अजून माझ्याकडे आहे. नावापुढे 'म.ऑ.' म्हणजे मनीऑर्डर आली. 'व्ही.पी.' म्हणजे अंक व्ही.पी.ने धाडला. आणि लाल शाईत 'परत'. ही तीन अक्षरं कुठून आली, ते आधी पाहू.

वसुलीचा पहिला प्रश्न असतो तो नोंदीचा. किती देणं आहे आणि कधीपर्यंत, हे कुणाच्या शब्दांत लिहायचं? कुरआनातली सर्वांत लांब आयत नमाजाबद्दल किंवा रोजाबद्दल नाही, ती उधारीच्या लिखापढीबद्दल आहे. सूरह अल-बकराच्या २८२व्या आयतीत सांगितलंय की ठरावीक मुदतीचं देणं असेल तर ते लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं. आणि मजकूर सांगायचा तो ज्याच्यावर देणं आहे त्याने. बिल घेणेकऱ्याने फाडायची आपल्याला इतकी सवय आहे की ही गोष्ट चटकन लक्षात येत नाही. नोंद देणाऱ्याच्या तोंडून उतरली, की पुढे 'मला माहीतच नव्हतं' म्हणायला जागा उरत नाही आणि घेणाऱ्यालाही आकडा फुगवता येत नाही. त्याआधी दोनच आयती मागे, २८०व्या आयतीत, देणेकरी अडचणीत असेल तर त्याला सवड द्यायला सांगितलंय.

नोंद झाली तरी पैसे पोचवायचे कसे, हा दुसरा प्रश्न. अकराव्या शतकाच्या मध्यावर इराणी प्रवासी नासिर खुसरौ बसऱ्याला पोचला. तिथल्या बाजाराचं वर्णन त्याने आपल्या सफरनाम्यात केलंय. ज्याच्याकडे काही ऐवज असे तो ते सर्राफाकडे ठेवी, त्याची चिठ्ठी घेई आणि त्या चिठ्ठीवरच खरेदी करी. शहरात असेपर्यंत व्यवहार सर्राफाच्या चिठ्ठीवर. आजच्या भाषेत हे प्रीपेड खातं झालं. दुकानदाराला गिऱ्हाइकाची पत तपासायची गरज नव्हती, कारण ती जोखीम सर्राफाने घेतली होती.

आपल्याकडे हेच काम हुंडीने केलं. दर्शनी हुंडी दाखवली की पैसे द्यायचे, मुदती हुंडीचे ठरलेल्या मुदतीनंतर. शाहजोग हुंडीचे पैसे फक्त बाजारात पत असलेल्या शाह व्यापाऱ्यालाच मिळत, म्हणजे हुंडी चोरीला गेली तरी चोराला ती वटवणं कठीण. जोखमी हुंडीत माल सुखरूप पोचला तरच पैसे. हुंडी हरवली तर 'पेठ', तीही हरवली तर 'परपेठ' लिहून देत. प्रत्येक प्रकारात एकच गोष्ट ठरवलेली दिसते: काही चुकलं तर भुर्दंड कुणी सोसायचा.

पण हुंडी होती पेढीवाल्यांची. तासगावच्या मास्तराला पुण्याच्या साप्ताहिकाची दोन-तीन रुपयांची वर्गणी पाठवायला ती उपयोगाची नव्हती. ही सोय टपाल खात्याने केली. १८७७ साली हिंदुस्थानात व्हॅल्यू पेएबल पोस्ट सुरू झालं, तेच आपलं व्ही.पी. १८८०च्या जानेवारीत मनीऑर्डरचं काम सरकारी तिजोऱ्यांकडून टपाल खात्याकडे आलं. १८७७ हेच कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधु' सुरू केल्याचं साल. शेतकरी आणि कष्टकऱ्यांसाठीचं हे पत्र पैशाच्या अडचणीत सापडलं आणि १८८० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे गेलं. पुढे डॉ. आंबेडकरांचं १९२७चं 'बहिष्कृत भारत'ही १९२९ मध्ये पैशाअभावी थांबलं. ज्या पत्रांचा वाचक गरीब, त्यांच्यासाठी वर्गणी कशी जमा करायची हा हिशेबनिसावर सोडून देण्याचा प्रश्न नव्हता. पत्र जगणार की नाही, ते त्यावर ठरायचं.

मनीऑर्डर आणि व्ही.पी. यांतला फरक अब्बांच्या वहीत स्पष्ट दिसतो. मनीऑर्डर वाचक स्वतः उठून करतो. पोस्टात जातो, रांगेत उभा राहतो, फॉर्म भरतो, कमिशन भरतो. तो विसरला तर पैसे येत नाहीत. इथे विसरण्याचा तोटा मासिकाला. पण आलेली मनीऑर्डर म्हणजे पक्का होकार. फॉर्मच्या खालच्या कुपनावर दोन ओळी लिहायला जागा असे. तिथे लोक 'गेल्या अंकातली कथा आवडली' असंही लिहायचे.

व्ही.पी.चा हिशेब उलटा. वर्गणी संपली की मासिकं सूचना छापत: नको असल्यास कळवा, अन्यथा पुढचा अंक व्ही.पी.ने पाठवू. वाचक गप्प राहिला तर तो होकार धरला जाई. थोडक्यात, हा शंभर वर्षांपूर्वीचा ऑटोपेच. फरक एवढाच की शेवटी पोस्टमन दारात उभा राहायचा. अंक हातात, पैसे द्या आणि घ्या. घरात पैसे नसतील, मन बदललं असेल, तर 'नको' म्हणायला वाचक मोकळा. मग अंक परत यायचा, जाण्यायेण्याचं टपाल मासिकाच्या अंगावर पडायचं आणि अब्बांच्या वहीत लाल 'परत' उमटायचं. 'व्ही.पी. परत करून आमचे नुकसान करू नये' अशी विनंती त्यामुळेच छापली जायची.

वर्गणी आगाऊ येते, जाहिरातीचं बिल नंतर. तिथे चेक आला. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट १८८१चा, पण चेक न वटणं गुन्हा ठरलं ते १ एप्रिल १९८९ पासून, १३८ कलमाने. चेक परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, मग देणेकऱ्याला पंधरा दिवस, मग कोर्ट. अब्बांना एका जाहिरातदाराचा चेक दोनदा परत आला. त्यांनी नोटीस दिली नाही. रक्कम वकिलाच्या फीपेक्षा लहान होती आणि तो माणूस रोज बाजारात भेटणारा. २००६च्या कायद्याने नोंदणीकृत लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं बंधन खरेदीदारावर घातलं. उशीर झाल्यास बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. कायदा चांगला आहे. पण व्याज मागितलं की पुढची जाहिरात मिळणार नाही, हे लहान माणसाला ठाऊक असतं.

आता भाचीच्या लॅपटॉपकडे येऊ. यूपीआय २०१६ साली आलं. १ जानेवारी २०२० पासून त्यावर दुकानदाराकडून एमडीआर घेणं बंद झालं, म्हणून क्यूआर कोड गल्लीगल्लीत दिसू लागले. कार्डाने पैसे घेतले की गेटवेवाले सहसा शेकडा दोनच्या आसपास कापतात, वर त्या फीवर जीएसटी. जुलै २०२० मध्ये यूपीआय ऑटोपे आला. सुरुवातीच्या हप्ता-पद्धतींत पोस्टमन गायब झाला होता. पैसे कापले गेल्यावर मेसेज यायचा. ज्या ॲपचं नावही आठवत नाही, त्याचे पैसे वर्षभर जात राहिल्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे.

१ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने नियम लागू केले. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवायचं आणि थांबवायची सोय द्यायची. मर्यादा पाच हजारांची होती, जून २०२२ मध्ये ती पंधरा हजार झाली. त्यावरच्या रकमेला दर वेळी वेगळी मंजुरी. हे नियम आले तेव्हा अनेक वर्गण्या अडकल्या, कंपन्या कुरकुरल्या. मला मात्र त्यात जुना पोस्टमन दारात परत आलेला दिसला.

हे सगळं मी भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे ऑटोपे नको?" मी म्हटलं, "लाव, पण दार बंद करू नकोस."

शेवटी ठरलं ते असं. क्यूआर कोड सगळ्यांसाठी. ऑटोपे फक्त मागेल त्याला, आणि बँकेचा मेसेज जाण्याच्या आठ दिवस आधी तिचा स्वतःचा मेसेज मराठीत: रक्कम किती, कधी कापली जाईल, थांबवायचं कसं. स्मार्टफोन नसलेल्या जुन्या वाचकांचे पैसे रोखीने, गावातल्या एखाद्या शिक्षकामार्फत, पावती देऊन. जाहिरातीचे निम्मे पैसे आगाऊ. उरलेल्यांसाठी जाहिरातदाराने स्वतः व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायचं, 'एवढी रक्कम, या तारखेपर्यंत देईन.' ही कल्पना २८२व्या आयतीवरून सुचली.

मग तिने अब्बांची वही मागून घेतली. एका नावापुढे 'म.ऑ.' नाही, 'परत'ही नाही. सलग दोन वर्षं निळ्या शाईत एकच शब्द आहे, 'सवड'. तो वाचक शेतकरी होता, ती वर्षं दुष्काळाची होती आणि अंक जात राहिला होता. तिसऱ्या वर्षी त्याच नावापुढे 'म.ऑ.' आहे, तीन वर्षांची एकदम.

तिने काही न बोलता एक्सेलमध्ये एक नवा रकाना वाढवला आणि वर नाव टाकलं, 'सवड'.