श्रीलिपीत आहे की युनिकोडमध्ये?

दिवाळी अंकांच्या संपादकांचे पत्र साधारण मे-जूनमध्ये येते. विषय, शब्दमर्यादा आणि मुदत सांगून झाली की शेवटी एक ओळ असते : 'मजकूर युनिकोड फॉन्टमध्येच पाठवावा.' गेल्या काही वर्षांत अशी पाच-सहा पत्रे मला आली, आणि प्रत्येकात ही ओळ जवळजवळ याच शब्दांत होती. तिच्यात एक चूक आहे. युनिकोड नावाचा फॉन्ट नाही. जगातल्या लिप्यांमधील प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देणारी ती यादी आहे. अक्षर दिसते कसे, याच्याशी तिचा संबंध नाही.

संपादकांची चूक काढणे हा हेतू नाही. डीटीपी करणारी मुले, तहसील कचेरीतले कारकून, प्रकाशक, प्राध्यापक असे सगळेच जेव्हा एकच चूक करतात, तेव्हा ती चूक हाच इतिहासाचा कागद असतो. मी शिकलेला इतिहासकार नव्हे. पतसंस्थेत नोकरी करता करता छापखान्यांचा नाद लागला आणि गेली पंचवीस वर्षे त्यांच्या मागे आहे. त्यामुळे ही ओळ वाचली की मला ती कुठून आली हे शोधावेसे वाटते.

वस्तूला कंपनीच्या नावाने हाक मारण्याची आपली सवय जुनी आहे. गल्लीच्या तोंडावर 'झेरॉक्स' अशी पाटी असते आणि आत यंत्र भलत्याच कंपनीचे असते. छापखान्यात हेच होते. 'मोनो' आणि 'लायनो' ही खिळे ओतणाऱ्या यंत्रांची नावे मुळात कंपन्यांची. बंदुका करणाऱ्या अमेरिकेतल्या रेमिंग्टन कंपनीने १८७०च्या दशकात टंकयंत्र बाजारात आणले. आज मराठी टंकलेखकाला विचारा, तो सांगेल, "मी रेमिंग्टनवर करतो." त्याच्यासमोर टंकयंत्र नसते, संगणक असतो. कंपनीचे नाव आता फक्त कळफलकाच्या मांडणीला उरले आहे.

त्याही मागे जाता येते. मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६९मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. तिथले टाईप इतके नावाजले की 'निर्णयसागरी' हे अक्षराच्या वळणाचेच नाव झाले. त्या अक्षरांमागे हात होता राणोजी रावजी आरू यांचा. पण टाईपला नाव मिळाले ते छापखान्याचे. हे लक्षात ठेवावे, पुढे लागणार आहे.

आता १९९०चे दशक. खिळे गेले, डीटीपी आले. भारतीय लिप्यांसाठी प्रमाण संकेत नव्हता असे नाही. 'इस्की' हा संकेत १९९१मध्ये भारतीय मानक म्हणून जाहीर झाला आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. त्यात देवनागरीला १२८ जागा होत्या आणि त्यांची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरून घेतलेली होती. पुण्यातल्या सी-डॅकने 'जिस्ट'वर काम केले होते. म्हणजे कागदावर सगळे होते.

दुकानात मात्र पेजमेकर होता. १९८५मध्ये निघालेल्या या प्रोग्रामला एका फॉन्टमधली २५६ घरे काय ती कळत, आणि तीही रोमन अक्षरांसाठी आखलेली. मग आपल्याकडच्या फॉन्टवाल्यांनी एक युक्ती केली. रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवले. कुठे अर्धा स, कुठे वेलांटी, कुठे रफार. संगणकाला वाटे इंग्रजी लिहिले जाते आहे, पडद्यावर दिसे मराठी. खिळ्यांच्या केसमधून तुकडा उचलून जुळवायचा, तसाच हा उद्योग, म्हणून जुन्या कंपॉझिटरांना तो पटकन जमलाही. पुण्याच्या मॉड्युलरची 'श्रीलिपी', बंगळुरूची 'आकृती', शिवाय फुकट मिळणारे 'शिवाजी', 'किरण' असे फॉन्ट. प्रत्येकाने तुकडे आपापल्या घरांत ठेवले. एकाचा 'क' तो दुसऱ्याचा 'द'. त्यामुळे मजकूर हातात घेताना पहिला प्रश्न असे, "कशात आहे?" आणि उत्तर असे एका कंपनीचे किंवा फॉन्टचे नाव.

या प्रश्नाने डोक्यात एक चौकट पक्की केली. आकार, संकेत, कळफलक आणि तो विकणारी कंपनी या चार वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच खोक्यात, एकाच नावाने येत. ते नाव खोक्यावर छापलेले असे. काही संचांसोबत संगणकाच्या मागे लावायचा डोंगलही येई. दुकानदार तो रात्री काढून गल्ल्यात ठेवी. ज्याला कुलूप लावता येते ती वस्तू खरी, असा आपला अनुभव.

अशा दुनियेत युनिकोड आला. खोके नाही, पावती नाही, विक्रेता नाही, कुणाला फोन करावा तर नंबर नाही. मालक नसलेली गोष्ट लोकांना कशी कळावी? त्यांनी तिला आपल्या ओळखीचे रूप दिले. श्रीलिपी असते, आकृती असते, तसा हा 'युनिकोड'. आणि विंडोज २०००पासून संगणकात आपोआप येणारा 'मंगल' हा त्याचा चेहरा ठरला. "युनिकोड टाका" म्हणजे "मंगल लावा".

इथे मला दुकानांतल्या मतांची बाजू घ्यायची आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी अप्पा बळवंत चौकापासून तालुक्याच्या गावापर्यंत मी जी वाक्ये ऐकली ती साधारण अशी : युनिकोडमध्ये पुस्तक होत नाही. युनिकोडला वळण नाही. 'दऱ्या' लिहावे तर 'दर्या' होते. 'ॲ' नीट येत नाही. संगणकशास्त्र शिकलेले लोक या मतांना हसत आणि अडाणीपणा म्हणत. एकेक तपासून पाहिले तर हसण्यासारखे फार उरत नाही. पेजमेकरला युनिकोडची देवनागरी जुळवता येत नव्हती, आणि त्याची शेवटची आवृत्ती २००१ची. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची सोय व्हायला २०१२ उजाडले. 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००८मध्ये, तोवर 'अ'वर चंद्र ठेवून भागवावे लागे. केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड प्रमाण मानला २००९मध्ये. म्हणजे दुकानदार जे बोलत होता ते त्याच्या टेबलावर रोज घडत होते. चूक फक्त नावात होती. दोष पेजमेकरचा, खापर युनिकोडवर.

एक मत मात्र मला लागते. "मंगल सरकारी वाटतो." मंगलची अक्षरे केली र. कृ. जोशी यांनी. सुलेखनकार, कवी, मुंबईच्या आयआयटीत कित्येकांचे गुरू. २००८मध्ये ते गेले. मंगल हा मूळचा पडद्यासाठी केलेला फॉन्ट. त्या काळच्या ठिपक्याठिपक्यांच्या पडद्यावर बारीक आकारातही जोडाक्षर वाचता यावे, हे त्याचे काम. आपण तो सातबारावर आणि नोटिशीवर छापला आणि कोरडा म्हणून नावे ठेवली. घराघरांतल्या संगणकात ज्याचे अक्षर गेले, त्याचे नाव वापरणाऱ्या शंभरातल्या किती जणांना माहीत असेल? आरूंचे नाव छापखान्याखाली गेले, जोशींचे विंडोजखाली.

असो. मला हा विषय सुचला तो या मोठ्या माणसांमुळे नव्हे, माझ्या १४० पानांमुळे.

१९९८मध्ये मी आमच्या भागातल्या सात जुन्या कंपॉझिटरांशी बोलून टिपणे काढली. सगळे सत्तरीच्या पुढचे. टिपणे गावातल्या एका डीटीपीवाल्याकडे टाईप करून घेतली. कोणत्या संचात, ते विचारायचे मला सुचले नाही. मराठीत टाईप झाले एवढेच समाधान. त्याने तीन फ्लॉपी आणि एक प्रिंट दिली. प्रिंट मी नीट राहावी म्हणून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातली. दुकान पुढे बंद झाले, आणि तो संच विकणारी लहानशी कंपनीही.

२०११मध्ये फाईल उघडली तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांची वाळवी पसरली होती. पिशव्या उघडल्या तर लेझर प्रिंटरची शाई प्लॅस्टिकला चिकटून आलेली, कागदावर अर्धी अक्षरे. सातांपैकी एकही तेव्हा हयात नव्हता.

त्यानंतरची दोन वर्षे मी संध्याकाळी हेच केले. कागदावरच्या अर्ध्या अक्षरावरून फाईलमधल्या चिन्हाचा अर्थ लावायचा आणि वहीत तक्ता करायचा. एका ओळखीच्या मुलाने त्या तक्त्यावरून रूपांतर करणारा छोटा प्रोग्राम लिहून दिला. पहिल्या खेपेला 'कार्य'चे 'कायर्' झाले आणि 'धर्म'चे 'धमर्'. जुन्या फॉन्टमध्ये रफार शेवटी टाईप होतो, कारण तो डोळ्यांना शेवटी दिसतो. युनिकोडमध्ये तो उच्चाराप्रमाणे आधी येतो. वेलांटीचे उलट. ही अशी 'कायर्' आज कित्येक संकेतस्थळांवर आणि सरकारी पत्रकांत दिसतात. ती पाहिली की मला कळते, इथेही कुणीतरी जुन्या खोक्यातून काहीतरी वाचवले आहे.

माझी १३१ पाने परत आली. उरलेल्या नऊंमध्ये, आम्ही ज्यांना नाना म्हणायचो त्यांच्या बोलण्याचा एक भाग आहे. खिळ्यांच्या केसमध्ये कोणत्या खणाला ते काय म्हणत, हे ते सांगत होते. त्यांची स्वतःची नावे, पुस्तकांत नसलेली. वाक्य असे आहे : 'रफाराच्या खालच्या घराला आम्ही', मग दोन चिन्हे, आणि मग 'म्हणायचो, कारण तिथं हात गेला की चुकायचाच.' ती दोन चिन्हे फाईलमध्ये आणखी कुठेच आलेली नाहीत, आणि कागदावर त्या जागी फक्त प्लॅस्टिकची चकाकी आहे. युनिकोडच्या प्रतीत मी तिथे दोन रिकामे चौकोन ठेवले आहेत.